लाभाचं माप

“आता काय दिसतंय?” फोनमधून स्वराजने विचारलं.

“सगळं काळंच आहे, दादा. पांढरी अक्षरं आणि एक लुकलुकणारी रेघ.”

“बरोबर. सर्व्हर असाच दिसतो. घाबरू नकोस.”

आरती घाबरली नव्हती, चिडली होती. लोणावळ्याच्या हॉटेलात ती रोज कॉम्प्युटरवर बिलं करायची. पण तिथे माउस असतो, चित्रं असतात, चुकलं तर मागे जाता येतं. इथे नुसती अक्षरं, आणि त्या अक्षरांमागे कुठेतरी तिचा भाऊ रतन होता.

रतन तुंगार्लीच्या एका बंगल्याचा राखणदार. गेल्या आठवड्यात, दिवस मावळायच्या सुमाराला, तो तळ्यात बुडाला. दारूच्या नशेत पाय घसरला, असं लिहून पोलीस मोकळे झाले. दारूच्या थेंबाला न शिवणारा रतन मेल्यावर दारुडा ठरला. वाडीतली माणसंही आता दबक्या आवाजात तेच बोलायला लागली होती.

बंगल्याचा एक कॅमेरा तळ्याकडे तोंड करून होता. त्याचं रेकॉर्डिंग दूरच्या कुठल्याशा शहरातल्या भाड्याच्या सर्व्हरवर साठायचं. परदेशातल्या मालकाने आज सकाळी आरतीला त्याचा पासवर्ड पाठवला. कॅमेरे बसवणाऱ्या स्वराजला विचार, तो दाखवेल कसं उघडायचं, असंही कळवलं.

स्वराज हा रतनचा दोस्त; त्याचं फोटो-कॅमेऱ्यांचं दुकान होतं. लोणावळ्याचा असून वाडीवर येऊन मांडी घालून जेवणारा तो एकटाच. “मी त्या दिवशी पुण्यात नसतो तर असं होऊच दिलं नसतं,” म्हणून तो मयतीला ढसाढसा रडला होता. आरतीने फोन केला तेव्हा त्याने आधी पासवर्ड कुणी दिला ते विचारलं. मग म्हणाला, “दुकान सोडून येता येत नाही गं. फोनवरच सांगतो. एकेक अक्षर बघून टाइप कर. घाई करू नको.”

म्हणून आरती हॉटेलच्या मॅडमकडून मागून आणलेला लॅपटॉप घेऊन, फोन स्पीकरवर ठेवून उंबऱ्यावर बसली होती. रेंज तिथेच मिळायची. शेजारी तिची आई, बाया, उद्याच्या दिवसकार्याचे तांदूळ पायलीने मोजत होती.

“लाभ,” बाया पुटपुटली. “दोन... तीन...”

पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. मरणाचे तांदूळ मोजतानाही तिच्या तोंडून लाभच आला.

फोनमध्ये मधूनच टक् असा आवाज यायचा.

“दादा, गिऱ्हाईक आहे का? मी नंतर करू का?”

“नाही नाही. एकाचे फोटो निवडून देतोय. तू चालू ठेव. डेस्कटॉप सुरू झाला की इथेही तुझ्या हॉटेलसारखी चित्रं दिसतील.”

टक्.

त्याने सांगितलेली ओळ तिने टाइप केली. चुकली. पुन्हा टाइप केली. तो जराही चिडला नाही. “सावकाश,” म्हणाला. “आज काही कुठे जायचं नाहीये आपल्याला.”

तिसऱ्यांदा सर्व्हरने उत्तर दिलं.

“दादा, पहिला डेस्कटॉप आधीच चालू आहे म्हणतंय. मला दुसरा दिलाय.”

पलीकडचं टक् थांबलं.

“जुना अडकून पडला असेल,” स्वराज म्हणाला. “तिकडे जाऊ नकोस, सगळं बिघडेल. पत्त्याच्या पुढे दोन टाक.”

“दोन का म्हनून?” बायाने मान वर केली. “लाभाचं माप सोडून दुसऱ्याला कुनी हात घालतं व्हय? पयलं बघ.”

“आये, ते तांदूळ न्हाईत गं.”

“पयलं बघ म्हनते ना. माझा रतन आसंल तितं.”

एरवी आरतीने ऐकलं नसतं. पण पोर गमावलेल्या आईचं मन आज तिच्याने मोडवेना. बिघडलं तर दोन आहेच. तिने एक टाकला.

पडदा उजळला. निळी पाटी आली, वर एक उघडा फोल्डर, त्यात रांगेने फायली. सगळ्यांवर तारीख रतन बुडाला त्याच दिवसाची.

“आये, आलं बघ!”

फोनमध्ये पुन्हा टकटक सुरू झाली.

आरतीने माउसला हात लावला नव्हता. तरी पडद्यावरचा बाण सरकला. एक फाइल उघडली. तळ्याचा कठडा, आणि त्यावर पाय सोडून बसलेला रतन. तो कुणाकडे तरी बघून हसत होता.

“रतन!” बायाच्या हातून पायली सुटली. तांदूळ ओटाभर झाले. “माझं लेकरू!”

फाइल बंद झाली. बाण केराच्या टोपलीच्या चित्रावर गेला. फाइल नाहीशी झाली.

“काय झालं?” स्वराजने मायेने विचारलं. “मावशी का रडतायत? अजून काळंच आहे का?”

आरतीने स्पीकर बंद केला. तिने फोन कानाशी घट्ट धरला.

पडद्यावरचा बाण पुढच्या फाइलीवर आला. फोनमध्ये टक् वाजलं, आणि ती फाइल गेली.