सरळ रेघ

वाडीतल्या मसाल्याच्या कारखान्यात दुपारचा डबा उघडतानाच मेघाने लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला. बँकेच्या कर्जासाठी तिने पाच वर्षांच्या ढोबळ नफ्याचा आलेख काढला होता. "शंभराच्या विक्रीमागे कच्चा माल, मजुरी जाऊन दरवर्षी तेवढेच तीस रुपये उरून राहिले, बाबा." "मंग चांगलंच हाय ना! रेघ कशी सरळ हाय," रुपराव हसले. "पण मिरची दुप्पट महाग झाली," मेघा म्हणाली. " आपण पाकिटाचा भाव एका रुपयानंही वाढवला नाही. मंग रेघ खाली काहून नाही आली?" रुपरावांचा हात डब्यातच थांबला. "खरेदी मी पाहतो. तू बँकेचं पाह्य, बेटा." मेघाने आपल्याच कंपनीच्या मिरचीपुडीचं पाकीट फोडलं, स्वतःच्या भाजीवर चमचाभर लालभडक पूड भुरभुरली आणि घास उचलला. तो तोंडाशी जाण्याआधीच रुपरावांनी झडप घालून तिचं मनगट धरलं.