डिलीटचं बटण

"मॅडम, एवढा व्हिडिओ काढून टाका. पोरगी खोलीतून बाहेर येत नाही," खैरमोडे मोबाइल पुढे धरून म्हणाले. हॉस्टेलच्या सीनियर मुलींनी त्यांच्या लेकीला कोंबडा करून आरवायला लावलं होतं.

शर्वरीला उत्तर पाठ होतं. तिच्या आणि ऋग्वेदच्या प्लॅटफॉर्मला मालक नाही, मुख्य सर्व्हर नाही. जो व्हिडिओ पाहतो, त्याच्याच मशीनवरून तो पुढच्याला मिळतो. लोकशाही वाचवायची म्हणून त्यांनी डिलीटचं बटण ठेवलंच नव्हतं. न ठेवलेल्या त्या बटणाला पारितोषिकही मिळालं होतं.

व्हिडिओ कुठून येतोय, ते तिने तपासलं. सगळ्यांत जास्त लोकांना तो याच ऑफिसातलं मशीन पुरवत होतं. तिने उठून त्याची वायरच उपटली.

खैरमोड्यांच्या मोबाइलवर मुलगी आरवत राहिली. चित्र क्षणभरही अडकलं नाही.

"अगं, भारी!" ऋग्वेद खुर्चीतून उसळला. "आपलं मशीन बंद, तरी एक झटका नाही!" त्याने स्वतःचा कॅमेरा सुरू केला. "काका, मोबाइल तसाच धरा हं जरा. गुंतवणूकदारांना डेमो हाच पाठवू."