जागल

"झोपला व्हता का तो?"

झुलालच्या हातातला पाण्याचा तांब्या तोंडाशी जाता जाता थांबला. धुळ्याहून एस.टी.नं असोद्याला आलेला हा पाहुणा अजून ओट्यावर नीट टेकलाही नव्हता. बुडालेल्या जहाजावरून जे वाचले त्यांतला तो एक. धुरपदाबाईच्या सुपडूचा जोडीदार. कधी निघाला, घरी कोण कोण, काही न विचारता म्हातारीनं सरळ हेच समोर ठेवलं.

"अक्का, पाणी तर पिऊ द्या त्याला," धाकटी जाऊ सुनंदाबाई सुपातले गहू निवडता निवडता म्हणाली.

"पिऊ दे ना. मी काय तोंड धरलं त्याचं?" धुरपदाबाईनं पदर पुढं ओढला. "हे पाहा भाऊ, तार आली तेव्हाच कळलं, पोऱ्या गेला. रडायचं ते रडून झालं. पण गावात एकच बोलणं हाये. सुपडू जहाजाच्या नाकाशी पहाऱ्याला उभा, अन् बर्फाचा एवढा डोंगर त्याला दिसला नही? झोपलाच असंल. लहानपणी शेतात जागलीला गेला की झोपायचा, तसाच. ही पण तेच सांगते गिरणीवर. माझ्या पाठीमागं."

सुनंदाबाईला गव्हात एकदम खडे दिसायला लागले.

"झोपला नव्हता, माय."

"माझ्या तोंडाकडं पाहून गोड नको बोलू. खरं सांगितलं तरी भाकर मिळंल तुला."

झुलालच्या ओठावर आलेलं हसू तिथंच जिरलं. "डोंगर नव्हता तो. थंड मुलखातला जुना बर्फ झिजत झिजत पाण्याबरोबर येतो. वर घराएवढा, बाकी सारा खाली. काचेसारखा, म्हणजे अंधारात काळाच. यंत्रालाही तो कधी कळतो, कधी नाही. आणि चांदणं नव्हतं त्या रात्री."

"मग माणूस कशाला उभा करतात?"

"लाटेसाठी. लाट बर्फावर आपटली की फेस उसळतो. काळ्या पाण्यात पांढरी रेघ उठते. ती रेघ पाहायची. नव्या पोरांना हे शिकवावं लागतं. सुपडूला नाही लागलं. म्हणाला, माझ्या मायनं केव्हाच शिकवलं. डुकराला शोधू नको, ज्वारी कुठं हलते ते पाहजो."

मचाणावर डुलक्या घेणाऱ्या सुपडूचा कान पिळून धुरपदाबाईनंच ते सांगितलं होतं. उभ्या पिकात रानडुक्कर दिसत नसतं.

"मग?" आवाज बारीक झाला होता तिचा. "हललं नही?"

"वारा पडला होता, माय. समुद्र कढईतल्या तेलासारखा. मी त्याला चहा द्यायला वर गेलो, तर म्हणाला, आज पाणी हलतच नाही रे, मला हे बरं वाटत नाही. चहा घेतला तोसुद्धा मान न वळवता. मी खाली उतरतोय तोच ओरडला. पण तेवढं मोठं जहाज, वळवलं तरी लगेच वळतं का? मग घंटा बडवत राहिला. खाली झोपलेले सारे त्या घंटेनं उठले, म्हणून होडीत बसले."

"अन् तो?"

"जहाजाचं नाक आधी पाण्यात गेलं."

सूप थांबलं होतं. सुनंदाबाईनं "अक्का" म्हणायला तोंड उघडलं.

"तू उठ. गिरणीवर जा. जागा व्हता म्हणून सांग. आजवर जसं सांगितलं तसंच, चवीनं."

सुनंदाबाई डोळ्यांना पदर लावत ओट्यावरून उतरली.

"भाकर टाकते," धुरपदाबाई म्हणाली, पण उठली नाही. गल्लीच्या टोकाला उन्हात ज्वारी उभी होती. वारा नव्हता. एक कणीस हलत नव्हतं. म्हातारी तिकडंच पाहत राहिली.

"माय, पाणी घ्या," झुलालनं आपला तांब्या पुढं केला.

तिनं तो घेतला. मान न वळवता.