अर्धा फेरा

केंब्रिजमध्ये भिंगांवर संशोधन करणाऱ्या कमलाकरला त्याच्या विभागप्रमुखांनी, प्रोफेसर हॅलमांनी, शिकारीच्या रायफलवर नवी दुर्बीण बसवून द्यायला घरी बोलावले. त्यांच्या मते हा सन्मान होता. "भाजीतली अळीसुद्धा बागेत नेऊन सोडता तुम्ही," अर्चना नवऱ्याला म्हणाली, "सरळ नाही म्हणा की!" पण वर्क परमिट वाढवण्याच्या अर्जावर सही हॅलमांचीच लागणार होती.

कमलाकरने दुर्बीण काटेकोर सरळ बसवली, भिंग मऊ फडक्याने पुसले आणि शेवटचा स्क्रू मात्र मुद्दाम अर्धा फेरा सैल ठेवला. नेम हातभर चुकेल, हरीण सुटेल. आयुष्यात जाणूनबुजून केलेली ही पहिलीच चूक त्याला फार देखणी वाटली.

"नीट आवळलंस ना रे?" चहा ओतता ओतता हॅलमांनी विचारले. "गेल्या वर्षी दुर्बीण किंचित हलली आणि गोळी हरणाच्या पोटात लागली. बिचारं तीन दिवस तडफडत होतं."

 

शुद्ध शाकाहारी कमलाकरने पाना पुन्हा उचलला आणि निव्वळ दयेपोटी हरणाच्या काळजावरचा नेम पक्का केला.