वरचे चौदा

चौदा

डावीकडची शेवटची दाढ टचकन तुटली आणि टेबलावरून घरंगळत कारागिराच्या मांडीत पडली. प्लास्टरची दाढ. कोरडी, पांढरी, मुळं नसलेली. त्याने ती डब्यात टाकली आणि करवतीचं पातं पुढच्या दातावर टेकवलं.

"कुणाचं रे हे?" पलीकडच्या टेबलावरून मेणताईने विचारलं. कवळ्यांच्या मेणात दात बसवण्याचं काम तिचं, म्हणून ती मेणताई. प्लास्टर ओतणारा दवाखान्यांतून आलेल्या मापांवरून जबड्यांचे साचे बनवायचा आणि खाली ठेवून निघून जायचा. लॅबच्या वरच्या खोलीत दिवसभर हे दोघंच.

"नुसता नंबर आहे. सव्वीस. वरची पूर्ण कवळी, उद्या सकाळी लागणार."

असल्या कामात साच्यावरचे दात आधी कापायचे आणि मोकळ्या हिरडीवर कवळी बनवायची. मग डॉक्टर पेशंटचे खरे दात उपटतात आणि त्याच खुर्चीत कवळी चढवतात. माणूस बोळका होऊन रस्त्याने जात नाही, एवढीच सोय.

"सगळेच काढणार? अरे देवा."

"आजोबा असतील कुणी. वेळच्या वेळी बघायचं नाही, मग दुसरं काय होणार?"

हे बोलता बोलताच त्याची स्वतःची वरची उजवी दाढ ठणकली. त्याने गालावर मनगट दाबून धरलं.

दहा

तीन महिने झाले. दुखणं यायचं, चार दिवस मुक्काम ठोकायचं, निघून जायचं. गेलं की वाटायचं, सुटलो. मग एखाद्या सकाळी चूळ भरताना पाणी लागायचं आणि थेट कानापर्यंत कळ जायची.

पहिल्या डॉक्टरने दाढ वाचवायचा जो आकडा सांगितला, तो ऐकून कारागीर खुर्चीतून आपणहून उठला होता. दुसरा म्हणाला, काढून टाकू, स्वस्तात होईल. कारागीर तिथूनही उठला. एकोणीस वर्षं तो कवळ्या बनवत होता. त्यांची किंमत त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? निम्म्या परत यायच्या, रुमालात गुंडाळून. बोचते, हलते, हसताना खाली येते. एक दाढ गेली की शेजारचे दात त्या खिंडाराकडे झुकतात, हेही तो रोज डोळ्यांनी बघायचा.

"अख्ख्या गावाला दात लावतोस," मेणताई म्हणाली, "आणि स्वतःची एक दाढ सांभाळता येईना?"

"माझी प्लास्टरची असती तर घासून दिली असती, ताई."

"मग तोंड का असं केलंयस? उद्या दवाखान्यात जायचंय ना तुला?"

"रजा मिळाली तर. मालक म्हणाले, सव्वीस नंबर आज हातावेगळा कर आणि मग कुठे जायचं तिथे जा."

"मग हात चालव की!"

त्याने हात चालवला.

सात

बायकोचा फोन आला.

"रजा सांगितलीत?"

"होतंय. एक काम संपवतोय."

"तुमचं एक काम कधी संपत नाही. उद्याचा नंबर चुकला तर परत तीन महिने, तिथली बाई काय म्हणाली ऐकलंत ना? आणि रात्रभर कण्हणं ऐकायला मी आहेच."

"अगं, जातो म्हटलं ना."

तो मोफत दवाखाना तिनेच शोधला होता. गेल्या आठवड्यात बाकड्यावर चार तास बसल्यावर नंबर लागला. डॉक्टर तरुण, घाईत, पण गोड बोलणारे. त्यांनी वरच्या ओळीतल्या एकेका दातावर टकटक केली. "हं," म्हणाले. "हं. हं." एक्स-रे उजेडात धरून बघितला. मग गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे त्याच्या वरच्या जबड्यावर दाबला. तेव्हा कारागिराला हायसं वाटलं होतं. बाकड्यावरच्या कुणाला कळलं नसतं, पण तो धंद्यातलाच. माप घेताहेत म्हणजे दाढेवर टोपी बसवणार. टोपी बसवणार म्हणजे दाढ राहणार!

तोंडात लगदा घट्ट होत असतानाच नर्सने कागद पुढे केला. बोलता येत नव्हतं, मान खाली करून वाचता येत नव्हतं. त्याने सही केली.

"उद्या-परवा नाही, पुढच्या आठवड्यात या," डॉक्टर म्हणाले होते. "एकदाच. तुमचा दात पुन्हा कधी दुखणार नाही, बघा."

घरी येताना तो बायकोला म्हणालासुद्धा, फुकटात एवढं कोण करतं?

तीन

कळ अशी उठली की पातं सटकलं आणि साच्याच्या हिरडीत ओरखडा गेला.

"हळू रे! कुणाचं तरी तोंड आहे ते."

"लागत नाही त्याला."

"उद्या लागेल."

त्याने ओरखड्यात प्लास्टर भरलं, ओल्या बोटाने गुळगुळीत केलं. उद्या दवाखान्यात म्हणाले, उशीर झाला, आता ही वाचत नाही, तर? टोपी फुकट आणि आतलं सामान विकत, असं काही निघालं तर? कागदावर काय लिहिलं होतं ते तरी विचारायला हवं होतं.

घड्याळात चार वाजले होते. त्याने दोन दात भराभर उतरवले.

एक

उजवीकडची दाढ तेवढी उरली.

"झालं का?" मेणताईने विचारलं. "दे इकडे, मेण गरम आहे."

"एकच राहिलीय."

बऱ्याच वेळाने त्याला बरं वाटलं. म्हणजे रजा पक्की. पातं लावण्याआधी त्याने सवयीने दाढेवरून बोट फिरवलं. आतल्या बाजूचा कोपरा उडालेला होता. बोट त्या धारदार कडेवर अडलं, तिथून एका बारीक भेगेत उतरलं आणि भेगेच्या टोकाशी असलेल्या खळग्याकडे सरकलं.

मिटलेल्या ओठांआड त्याची जीभ त्याच कडेवर अडली, त्याच भेगेत उतरली आणि बोटाच्या आधी खळग्यात पोचली.