सुआ म्हातारीचा घागरा

क्वेनबाईने पेटीतला घागरा उचलून स्वतःच्या कमरेला लावून पाहिला, आणि चुलीपाशी मक्याचं पीठ वाफवत बसलेली पांग ताडकन उठली.

"ठेवा तो खाली! माझ्या सासूबाईंचा आहे."

"अहो, नुसती बघतेय," क्वेनबाई म्हणाली. "काय सुरेख काम आहे! कितीला द्याल?"

कितीला द्याल! हनोईहून दोन दिवसांच्या मुक्कामाला आलेली ही बाई. पाहुण्यांसाठी माळ्यावर गाद्या घातलेल्या, तर ही घरच्यांच्या खोलीत शिरते, म्हातारीची पेटी उघडते आणि वर भाव विचारते. लाज म्हणून काही असते की नाही?

पैसे घेऊन पाहुणे ठेवायला लागल्यापासून आमच्या हमोंग लोकांनी या डोंगरात बरंच काही विकलं. चांदीच्या कड्या गेल्या, आजोबांच्या बासऱ्या गेल्या. पण मरणाचा घागरा कोणी विकत नाही.

पांगने राग गिळून समजावलं. "हा नेसवूनच त्यांना पुरायचं आहे. अंगावर स्वतःच्या हाताने विणलेला तागाचा घागरा नसेल, तर मेलेल्या बाईला सासरचे पितर ओळखत नाहीत. माझे सासरेसुद्धा ओळखणार नाहीत त्यांना."

"मग दुसरा विणतील की!"

ताग पेरायचा, सोलायचा, सूत जोडायचं, राखेत उकळायचं, विणायचं, मेणाची नक्षी काढून निळीत बुडवायचं. वर्ष जातं. सुआ म्हातारीकडे वर्ष नव्हतं. पुढचा मका ती पाहणार नाही, असं डॉक्टरने तिच्या मुलाला, सिनला, स्पष्ट सांगितलं होतं. म्हातारीलाही ते ठाऊक होतं.

ती दाराशी बसून सगळं ऐकत होती. तिला क्वेनबाईची भाषा जेमतेम कळायची, पण भाव विचारलेला सगळ्यांनाच कळतो.

"विकायचा नाही म्हणावं," ती म्हणाली.

क्वेनबाई ऐकते थोडीच! दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, दुपारी पुन्हा तेच. काचेच्या कपाटात ठेवीन, खाली आजींचं नाव लिहीन. जणू काही उपकारच करणार होती. पांगने पेटीला दोर बांधला.

संध्याकाळी जेवताना क्वेनबाई मक्याच्या दारूने खुलली. "तुमच्यात म्हणे बायको पळवून आणतात?"

सिनची ही आवडती गोष्ट. प्रत्येक पाहुण्याला तो ती सांगतो. "माझ्या बापाने आणली ना! आई पंधराची. झऱ्यावर पाणी भरत होती. बाप आणि चार मित्र, उचलली आणि थेट घरात! तीन दिवस दाराला अडसर. चौथ्या दिवशी तिच्या घरी निरोप, पोरगी आमची झाली."

क्वेनबाई टाळ्या वाजवत हसली. "अगदी सिनेमाच!"

"आई, सांग ना, किती ओरडली होतीस!"

"खूप ओरडले होते," म्हातारी म्हणाली.

सगळे पुन्हा हसले. म्हातारीने वाटी बाजूला सारली आणि पांगला विचारलं, "हिचं घर किती लांब?"

"गाडीने अख्खा दिवस लागतो, आत्याबाई."

"तिथे आपली माणसं आहेत?"

"आपलं कोण मरायला जातंय तिथे!"

म्हातारीने मान हलवली. पांगला वाटलं, दुखण्याने बिचारीचं मन भरकटतंय.

सकाळी क्वेनबाईची गाडी निघून गेली. पांग सुटकेचा निःश्वास टाकत आत गेली, तर पेटीचा दोर सुटलेला आणि पेटी रिकामी. तिच्या किंकाळीने शेजारपाजार धावत आला.

सिन आणि शेजारच्यांनी मोटारसायकली काढल्या. पांगही मागे बसली. खिंडीत त्यांनी गाडी अडवली. क्वेनबाईची मोठी पिशवी रस्त्यावर उपडी केली. कपड्यांच्या तळाशी घागरा निघाला, नीट घडी घातलेला.

"चोरटी!" पांग ओरडली. "आमचं मीठ खाल्लंस ना गं!"

"शपथ घेते, मी नाही ठेवला!" क्वेनबाई म्हणाली.

"मग काय चालत आला?" सिनच्या डोळ्यांत पाणी होतं. "मरायला टेकलेली माझी आई. एका बाईची नवऱ्याकडे जायची वाट बंद करत होतीस तू! आम्ही हसतो, वाढतो, नाचून दाखवतो, म्हणून तुम्ही शहरातले लोक आमचं मरणही न्याल का?"

क्वेनबाई रडायला लागली. तिथे उभ्या असलेल्या एकालाही तिची दया आली नाही. का यावी?

तेवढ्यात एका शेजाऱ्याच्या मागे बसून सुआ म्हातारीच येऊन पोचली. धाप लागली होती. दोघांनी धरून तिला उतरवलं. सगळे बाजूला झाले. पांगने घागरा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"आत्याबाई, सापडला हो!"

म्हातारीने तो घेतला, आणि वाकून पुन्हा क्वेनबाईच्या पिशवीत ठेवला.

"मीच ठेवला होता," ती म्हणाली. "जाऊ दे तिला."

सिनने तिचे खांदे धरले. "आई, अगं, शुद्धीवर आहेस ना? हा अंगावर नसला तर बाबा तुला ओळखणार कसे?"

"नकोच ओळखू दे," म्हातारी म्हणाली. "इथे चाळीस वर्षं ओळखलं, तेवढं बस झालं."