काठावरचं मत

दुपारी बेल वाजली आणि तासभर थोपटून झोपवलेली पोर टक्क जागी झाली.

"आजची ही चौथी बेल!" श्रीरंग वैतागून दाराकडे गेला. न्यू जर्सीत होते तेव्हा निवडणुकीत त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, कारण तिथला निकाल ठरलेलाच असायचा. आता इथे पेनसिल्व्हेनियात मात्र अध्यक्षपदाची लढत अगदी काठावर. दोन्ही पक्षांची माणसं एकेका मतासाठी दार ठोठावत होती.

"सर, मत आम्हालाच ना?" दारातल्या कार्यकर्त्याने विचारलं.

"वी विल सी," म्हणत श्रीरंगने दार लावलं.

"पुन्हा तेच!" पोरीला घेऊन फेऱ्या मारणारी सुखदा कडाडली. "अरे, सांगलीत 'बघू' म्हटलं की विमा एजंटसुद्धा समजून बॅग उचलतो. इथे त्याचा अर्थ 'अजून ठरलं नाही'! म्हणून परत परत येतात. सरळ नाही म्हणायला काय होतं तुला?"

"तोंडावर कसं म्हणायचं गं?"

"थांब, मीच दाखवते!"

पोरीचा डोळा लागतो न लागतो तोच पाचवी बेल. तिला नवऱ्याकडे देऊन सुखदा ताडताड गेली. दारात दुसऱ्या पक्षाची टोपी घातलेली सत्तरीची बाई धापा टाकत उभी होती.

"माझा नवरा तुम्हाला मत देणार नाही!" सुखदाने ठणकावलं.

बाईने यादीतलं त्याचं नाव खोडलं आणि घाम पुसत विचारलं, "आणि तू, बाळा?"

सुखदाने तिच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं. "वी... वी विल सी."

"मग उद्या परत येते हं!" बाई हरखून म्हणाली.